फील्डवरून पालकपण

लष्करातल्या जवानाला वर्षाकाठी 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची कॅज्युअल लीव्ह असते. कागदावर हे तीन महिने होतात. प्रत्यक्षात सुट्टी तुकड्यातुकड्यांनी मिळते, युनिटला माणूस हवा असेल तर पुढे ढकलली जाते आणि कधी अर्ध्यावर सोडावी लागते. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत सुट्टीवरच्या जवानांना परतीचे निरोप आले. अंगावरची हळद उतरायच्या आत ड्युटीवर निघालेल्या नवरदेवांच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांचे बापही त्याच गाड्यांनी परत गेले होते.

बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात न येणारा आणखी एक हिशेब आहे. 2022 पूर्वी शिपाई म्हणून भरती झालेल्याला 15 वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसते आणि पुष्कळसे जवान चाळिशीच्या आतबाहेर कायमचे घरी येतात. तोवर थोरलं मूल दहावी-बारावीच्या जवळ पोचलेलं असतं. म्हणजे बापाच्या नोकरीची वर्षं आणि मुलाच्या बालपणाची वर्षं जवळपास एकच. ‘रिटायर झाल्यावर मुलांना वेळ देईन’ हे वाक्य फौजीच्या तोंडी फारसं उपयोगाचं नाही. जे काही करायचं ते लांबूनच करावं लागतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर रायफल खोलून जोडायला शिकवतात. लांबून बाप होणं मात्र ज्याचं त्यालाच शिकावं लागतं.

पीस आणि फील्ड

पीस पोस्टिंग असेल तर नंबर लागल्यावर फॅमिली क्वार्टर मिळतं आणि कुटुंब सोबत राहतं. फील्ड पोस्टिंगला बायकामुलांना नेता येत नाही. मग कुटुंब गावी सासू-सासऱ्यांजवळ राहतं, मुलांच्या शाळेसाठी सातारा, कोल्हापूर किंवा पुण्यात खोली करून राहतं, नाहीतर एखाद्या लष्करी ठाण्यातल्या सेपरेट फॅमिली क्वार्टरमध्ये. नौदलात हीच ताटातूट जहाज समुद्रावर असेपर्यंतची असते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदान, काँगो किंवा लेबनॉनला गेलेल्याची सुट्टी तर आणखी दुर्मिळ.

मूल कुठे राहतं यावर बरंच अवलंबून असतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी अशा गावात घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. तिथल्या पोराला बाप घरी नसण्याचं काही वाटत नाही, कारण शेजारच्या बाकावरच्या पोराचीही तीच गत असते. तेच मूल पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत आलं की वर्गात ते एकटंच ठरतं. पालकसभेला, स्नेहसंमेलनाला, स्कूटरवरून सोडायला कायम आईच. अशा शाळेत वर्ष सुरू होतानाच वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती सांगून ठेवावी. आर्मी पब्लिक स्कूल किंवा केंद्रीय विद्यालयात ते सांगावं लागत नाही, बाकीच्या शाळांत लागतं. ‘माझे बाबा’ या विषयावर निबंध देण्यापूर्वी बाई मग एकदा विचार करतील.

निघण्याआधी

मूल रडेल म्हणून ते झोपेत असताना पहाटे निघून जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. हेतू चांगला असतो, परिणाम वाईट. सकाळी उठून बाप नाही हे कळलेलं मूल पुढचे कित्येक दिवस झोपायला घाबरतं, कारण झोपलं की माणसं नाहीशी होतात हे त्याला आता माहीत झालेलं असतं. रडू द्यावं, पण सांगून निघावं.

किती आधी सांगायचं हे वयावर ठरतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगितलं तरी पुरे. त्या वयात महिना म्हणजे काय ते कळत नाही, ‘गणपती येऊन जातील, मग दिवाळी, मग पप्पा’ हे कळतं. या वयाच्या मुलांची आणखी एक समजूत असते: मी हट्ट केला, मी मारलं, म्हणून पप्पा गेले. मूल हे बोलून दाखवेलच असं नाही. त्यामुळे त्याने न विचारताही ‘हे माझं काम आहे, तुझ्यामुळे जात नाही’ असं सांगून टाकावं, आणि एकदाच नव्हे. शाळकरी मुलाला ऑर्डर आल्यावर लगेच सांगितलेलं बरं. घरात कुजबुज चाललेली त्याला कळतेच.

निघण्यापूर्वीच्या धावपळीत आवाज रेकॉर्ड करायचं राहून जातं. एक गोष्ट, एक गाणं, एक ‘चल, आता झोप’ एवढं फोनमध्ये असलं तरी तान्ह्या आणि लहान मुलांसाठी ते मोठं भांडवल आहे. अमेरिकेत 1989 साली सुरू झालेली ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ ही संस्था एवढंच करते. तैनातीवर असलेल्या आईबापांचं मुलांसाठी पुस्तक वाचतानाचं रेकॉर्डिंग करून ती घरी पाठवते. आपल्याकडे त्यासाठी संस्थाही लागणार नाही, चुलत्याच्या मोबाइलवरही होतं.

कागदपत्रं हाही पालकपणाचाच भाग आहे, आणि तो कंटाळवाणा असल्यामुळे मागे पडतो. मुलाचा जन्म पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवानोंदीत, चढला पाहिजे. तिथलं नाव, जन्मतारीख आणि आधार, शाळेचा दाखला यांत एका अक्षराचाही फरक असता कामा नये. हा फरक राहिला की शिक्षणभत्त्यापासून डिपेंडंट कार्डापर्यंत सगळं अडतं, आणि ते निस्तरायला पुढच्या सुट्टीतले दिवस जातात.

एक खातं पप्पांच्या नावावर

फौजीच्या घरी लांबच्या पालकपणाची कल्पना बहुधा फोनभोवतीच फिरते. रोज फोन, व्हिडिओ कॉल, ‘जेवलास का, अभ्यास केलास का’. मला वाटतं, फोन हे फक्त साधन झालं. मुलाच्या आयुष्यात बापाला काही काम उरलंय का, हा खरा प्रश्न. काम उरलं नसेल तर रोजचा फोनही महिन्याभरात हजेरीसारखा होतो. मूल ‘हो’, ‘नाही’, ‘मम्मीला देऊ?’ एवढंच बोलतं. मग बाप खट्टू होतो आणि घरचे मुलाला ओरडतात.

म्हणून घरातलं एक खातं ठरवून पप्पांच्या नावावर ठेवावं आणि ते फील्डवर असतानाही दुसऱ्याने चालवू नये. खातं लहान असावं, पण खरं असावं. जूनमध्ये दप्तर कुठलं घ्यायचं, खाऊच्या पैशांतून मुलाने किती साठवले आणि कशाला खर्चले, गोठ्यात झालेल्या वासराचं नाव काय, सायकल शिकायची की अजून वर्षभर थांबायचं, क्रिकेटच्या शिबिराला जायचं की पोहायला. असा प्रश्न मुलाने आईला विचारला की आईने म्हणावं, ‘ते पप्पांचं खातं, त्यांना विचार.’ उत्तर आठ दिवसांनी आलं तरी चालेल असाच विषय निवडायचा. तापाचं औषध द्यायचं की नाही हे खातं लांबून चालत नाही.

बुद्धिबळाचा डाव यासाठी फार सोयीचा आहे. दर फोनला एकेक चाल. पट कपाटावर मांडून ठेवायचा, फोन आला की मुलाने आपली चाल सांगायची आणि पप्पांची चाल त्यांच्या वतीने खेळायची. पप्पांनी तिकडे वहीत मांडणी लिहून ठेवायची. धाकटं भावंड एक दिवस पट उधळणार हे गृहीत धरावं. तेव्हा डाव नव्याने मांडायचा, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. बुद्धिबळ नको असेल तर दोघांनी एकच पुस्तक वाचावं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. निघण्याआधी फोनमध्ये उतरवून घेतलेला अंक सिग्नल नसलेल्या पोस्टवरही उघडतो. मुलाने घरी तोच अंक वाचायचा आणि पुढच्या फोनवर त्यातल्या गोष्टीबद्दल बोलायचं. मराठी मुलखाबाहेर क्वार्टरमध्ये वाढून, हिंदी-इंग्रजीत शिकून मराठी वाचायला अडखळणाऱ्या मुलांना याचा आणखी एक फायदा होतो, तो वेगळा सांगायला नको.

दोन खाती मात्र पप्पांनी घेऊ नयेत. एक मार्कांचं. ते घेतलं की प्रत्येक फोन ही तोंडी परीक्षा होते आणि मूल फोन टाळायला लागतं. दुसरं शिक्षेचं. त्याबद्दल पुढे.

वय वाढेल तसं खातं बदलतं. दोन वर्षांच्या मुलासाठी रेकॉर्ड केलेली रात्रीची गोष्ट एवढंच खातं असतं. चौदा-पंधराच्या मुलाला फोनवर बोलायला नकोसं होतं, त्यात रागलोभ काही नसतो, वयच तसं. त्याला एखादा फोटो, एखादा विनोद, मॅचच्या स्कोअरवर एक ओळ पाठवावी आणि उत्तराची वाट बघत बसू नये. या वयाच्या मुलाला गावात कोणीतरी हमखास सांगतं, ‘आता घरातला कर्ता तूच.’ हे वाक्य बापाने खोडून काढावं. बाजारहाट, पाण्याची मोटार चालू करायला रानात जाणं, धाकट्याला शाळेत सोडणं ही कामं मुलाने जरूर करावीत. घराची काळजी वाहणं हे त्याचं काम नव्हे.

लाईन मिळाली तर

उंचावरच्या पोस्टवर जिथे मोबाइलची रेंज नाही, तिथे उपग्रह फोनवरून घरी बोलणं होतं. 2017 च्या दिवाळीत सरकारने या कॉलचा दर मिनिटाला 5 रुपयांवरून 1 रुपयावर आणला. आता सियाचीनसारख्या भागातही मोबाइलचे टॉवर उभे राहू लागले आहेत. तरी हवामान बिघडलं, गस्तीवर निघावं लागलं, वरून बंदी आली की फोन थांबतो आणि किती दिवस थांबेल ते सांगता येत नाही.

म्हणून ‘रोज रात्री आठला फोन करीन’ असा शब्द मुलाला देऊ नये. पाचव्या दिवशी तो मोडतो आणि मूल साडेआठपर्यंत जेवत नाही. शब्द द्यायचाच तर असा द्यावा: ‘लाईन मिळेल तेव्हा फोन करीन. फोन आला नाही तर एवढंच समज की लाईन मिळाली नाही.’ आईनेही हेच वाक्य जसंच्या तसं वापरावं. फोन न आलेल्या रात्री ती स्वतः घाबरलेली असेल, तरीही.

बोलायला चार मिनिटं मिळाली तर ती प्रश्न विचारण्यात घालवू नयेत. ‘शाळा कशी आहे?’ याला ‘बरी’ याखेरीज उत्तर नसतं. ‘ओंकारने तुझी पट्टी परत दिली का?’ याला गोष्ट असते. त्यासाठी खिशातल्या छोट्या वहीत मुलाच्या मित्रांची नावं, बाईंचं नाव, कबड्डीचा सामना कधी आहे, कुठला दात हलतोय असल्या नोंदी ठेवाव्यात. आईने आठवड्यातून एक व्हॉइस मेसेज पाठवून वही भरायला मदत करावी. आणि पप्पांनी आपल्याकडचंही काही सांगावं. जागा सांगायची नाही, हालचाल सांगायची नाही. पण लंगरमध्ये आज काय होतं, पोस्टवरच्या कुत्र्याला पिल्लं झाली, बर्फात दाढी करताना काय होतं, हे सांगायला कुणाची हरकत नसते. मुलांना तेच हवं असतं.

पत्र अजून चालतं

छप्पन एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) हा लष्करी पत्ता 1948 पासूनचा. पूर्वेकडच्या युनिटांसाठी नव्व्याण्णव एपीओ. पत्त्यात गाव नाही, राज्य नाही. नंबर, नाव, युनिट आणि एपीओ एवढ्यावर पत्र बर्फातल्या पोस्टपर्यंत जातं. फोनच्या जमान्यात हे जुनाट वाटेल. पण फोनवरचं बोलणं संपतं आणि पत्र उशाखाली ठेवता येतं. स्वतःच्या नावाने पोस्टमन पत्र घेऊन दारात येणं हा आजच्या मुलांसाठी दुर्मिळ प्रकार झालाय, तेवढ्यासाठी तरी ‘चिरंजीव’ किंवा ‘कुमारी’ असं थाटात लिहून मुलाच्या नावाने स्वतंत्र पत्र पाठवावं. घरच्या सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहिलं तर ही गंमत जाते.

लांबून मुलांच्या आयुष्यात हात घालण्याची धडपड नवी नाहीच. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचत असे. त्यातल्या उताऱ्यांचे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत जमीन, गुरं, लग्नं यांच्या जोडीला मुलांना, काही ठिकाणी मुलींनाही, शाळेत घाला असा आग्रह सापडतो. फ्रान्समधल्या बायका लिहितात-वाचतात हे पाहून आलेला हा आग्रह होता. शिपाई खंदकात होता आणि त्याने मुलीच्या शाळेचं खातं आपल्याकडे ठेवलं होतं.

घरी राहिलेली व्यक्ती

अमेरिकेतल्या ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात 2010 साली तैनातीवर असलेल्या पालकांच्या 11 ते 17 वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पालक जितके जास्त महिने लांब, तितक्या मुलाच्या अडचणी जास्त, हे त्यातून दिसलं. ते अपेक्षितच होतं. दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो: घरी राहिलेल्या पालकाचं मन किती स्थिर आहे, यावर मुलाचं बरंच काही ठरतं. बायकोशी नीट बोलणं हाही मुलाच्या संगोपनाचाच भाग, असा याचा अर्थ. मुलाला फोन द्यायला सांगण्याआधी ‘तू कशी आहेस’ हे विचारायची सवय पुष्कळ फौजींना नाही.

‘पप्पा येऊ देत, मग बघ’ ही धमकी प्रत्येक फौजीच्या घरात कधी ना कधी ऐकू येते. थकलेल्या बाईच्या तोंडून ती निघते हे समजण्यासारखं आहे, पण तिचा परिणाम असा होतो की सुट्टीची वाट बघणारं मूल सुट्टीला भ्यायला लागतं. शिक्षा करायचीच तर जी व्यक्ती घरी आहे तिने त्या दिवशी करावी आणि विषय संपवावा. उलट बाजूने, आईने नाही म्हटलेल्या गोष्टीला बापाने फोनवरून हो म्हणू नये. मतभेद असतील तर ते दोघांनी मूल शेजारी नसताना मिटवावेत.

वर्दीतली व्यक्ती आई असेल तर याच गोष्टी उलट्या बाजूने लागू होतात, फक्त बोलणी जास्त खावी लागतात. बाप दोन वर्षं लांब राहिला तर गाव सत्कार करतं. आई सहा महिने लांब राहिली तर मुलाला कोण बघतं म्हणून चौकशी होते. नोव्हेंबर 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने मातृत्व, बालसंगोपन आणि दत्तक रजेचे अधिकाऱ्यांना लागू असलेले नियम सगळ्या महिला जवानांना लागू करायला मंजुरी दिली. लोकांच्या तोंडाला मात्र असा आदेश लागू होत नाही.

टीव्ही आणि तोंड

लष्कराने जुलै 2020 मध्ये जवान-अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप्स फोनवरून काढायला सांगितली. त्यातली काही घरच्यांच्या फोनवर असतातच. पप्पांचा वर्दीतला फोटो, युनिटचं नाव, ‘आज अमुक ठिकाणी पोचले’ हे मुलांनी टाकू नये, ऑनलाइन गेममध्ये ओळख झालेल्या ‘मित्राला’ सांगू नये. नुसती बंदी घातली तर मूल लपवून टाकेल. ‘हे आपल्या दोघांचं गुपित, पप्पांच्या जोडीदारांच्या जिवाशी संबंधित’ असं सांगितलं तर आठ वर्षांचं पोरही तोंड बंद ठेवतं.

सीमेवर चकमक झाली की घरातला टीव्ही दिवसभर चालू ठेवू नये. पडद्यावरचा तोच स्फोट दहा वेळा दाखवला तर लहान मुलाला दहा स्फोट झालेत असं वाटतं. ‘पप्पांना काही होणार नाही’ असं वचन देणं चुकीचं आहे, ते कुणाच्याच हातात नाही. ‘त्यांना याचं शिक्षण मिळालंय, सोबत त्यांचे साथीदार आहेत, काही कळलं तर मी तुझ्यापासून लपवणार नाही’ एवढं सांगता येतं आणि ते खरंही असतं.

अंथरूण पुन्हा ओलं होणं, शाळेच्या वेळी पोट दुखणं, शिक्षकांशी भांडणं हे पप्पा गेल्यावर काही दिवस चालतं. आठवड्यांमागून आठवडे तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. लष्करातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 पासून टेलि-मानसचा वेगळा कक्ष आहे.

सुट्टी

पुष्कळ दिवसांनी आलेल्या बापाला बघून वर्षाचं मूल किंचाळून आजीच्या पदराआड जातं. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून अनोळखी चेहऱ्याची भीती सुरू होते, त्यात नवल नाही. उचलून घेण्याची घाई न करता जवळपास वावरत राहावं. दोन-तीन दिवसांत ते स्वतः येतं. मोठी मुलं वेगळ्या रीतीने अंतर ठेवतात: फटकून बोलतात, मुद्दाम आईलाच विचारतात. घराला बापावाचून चालायची सवय झालेली असते, ती आल्या दिवशी मोडायला जाऊ नये. रोल कॉल घेतल्यासारखी शिस्त तर पहिल्या आठवड्यात नकोच. कॅन्टीनमधून आणलेल्या खाऊनेही फार काळ काम भागत नाही. डबा भरून देणं, शाळेत सोडणं, रानात सोबत नेणं, म्हणजे रोजच्या कामात जागा मिळवणं, हेच टिकतं.

पण बहुतेकांची सुट्टी वेगळ्याच गोष्टी खातात: बँक, तलाठी, सातबाऱ्यावरची नोंद, भावकीतला बांधाचा वाद, अर्धवट बांधलेलं घर. यातलं बरंच काही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सुट्टीआधीच मार्गी लावता येतं. ते कार्यालय फक्त माजी सैनिकांसाठी असतं असा गैरसमज आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै 2025 मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली, ती नोकरीतल्या जवानांच्या कुटुंबांनाही कायद्याची मदत मिळावी म्हणून. अर्ज घरच्यांनी आधी केलेला असला तर जवानाचे निदान काही दिवस मुलांसाठी सुटतात.

उरलेले दिवस गावकरी आणि पाहुणे खातात. फौजी आला कळलं की सत्कार, जेवणं, मंडळाची बैठक, शाळेत झेंडावंदन, मित्रांचा ढाबा. प्रत्येकाचं प्रेम खरं असतं आणि नाही म्हटलं तर ‘मिलिटरीत गेला आणि बदलला’ असं होतं. तेव्हा ही विनंती आपल्यालाच आहे. शेजारचा जवान सुट्टीवर आला तर त्याला पहिले चार दिवस बोलावू नका. हार-नारळ पाचव्या दिवशीही देता येतात.